दिवा दाखवलेले पाणी

माझा भाऊ तापाने गेला, आणि ज्या पाण्याने तो गेला ते पाणी शुद्ध करण्याचे काम त्याच्याकडेच होते. या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या की तिसरी आपोआप तयार होते. ती तयार करायला गिरणीच्या साहेबाला एक दुपारसुद्धा लागली नाही. दवाखान्याच्या वहीत त्याने इंग्रजीत एक ओळ लिहिली: दिवा सांभाळणाऱ्याच्या हयगयीमुळे पाणी शुद्ध न होता सुटले. त्या एका ओळीने भावाच्या अंगावर त्याचे स्वतःचे आणि आणखी तिघांचे मरण घातले. ती ओळ खरी नव्हती. ती तशी राहू द्यायची नाही, एवढेच मी त्याच्या दहाव्या दिवशी ठरवले. ते कसे करायचे हे मला त्या दिवशी ठाऊक नव्हते.

आम्ही खानापूरकडचे. वडील शाळामास्तर होते. माझे लग्न नवव्या वर्षी झाले आणि अकराव्या वर्षी संपले. वडिलांनी माझे केस राखले आणि मला बेळगावला मुलींच्या शाळेत घातले. या दोन्ही अपराधांबद्दल भावकीने त्यांच्याकडे जेवायला येणे सोडले. वडील म्हणत की त्यामुळे घरात तांदूळ पुरू लागला. भाऊ माझ्यापेक्षा पाच वर्षांनी धाकटा. तो कंपाउंडरचे काम शिकला आणि कॅसलरॉक स्टेशनापासून तासाभराच्या वाटेवर, रानात, लाकूड कापायची एक गिरणी होती, तिच्या दवाखान्यात लागला. वडील गेल्यावर मीही त्याच्याकडे राहायला गेले. माझ्याबरोबर पुस्तकांची एक लोखंडी पेटी होती. ती डोक्यावर घेऊन चालणारा हमाल प्रत्येक चढावर थांबे आणि पेटीकडे रागाने बघे. भाऊ म्हणाला, "अक्का, तू रानातल्या वाळवीला खाऊ घेऊन चाललीस."

गिरणीत वाफेचे इंजिन होते, त्यावर करवती चालत आणि एक डायनामोही चाले. कामगारांच्या दोन चाळी, साहेबाचा बंगला, आणि आमच्यासारख्यांसाठी तीन-चार खोल्या. पाणी ओढ्यातून नळाने येई. पावसाळ्यात ते तांबडे होई आणि श्रावणापासून चाळीत मुदतीचा ताप सुरू होई. दरवर्षी एखाद-दुसरे माणूस त्यात जाई, आणि दरवर्षी लोक म्हणत की यंदा कमीच गेले.

साहेब एका वर्षी रजेवर विलायतेला गेला आणि येताना एक पेटी घेऊन आला. पेटीत भुश्शात बसवलेली एक नळी होती. साध्या काचेची नव्हे, गारगोटी वितळवून केलेल्या काचेची, आणि तिच्या दोन्ही टोकांना पारा होता. तो दिवा होता. विजेची तार जोडायची, मग दिवा हाताने हळूच एका बाजूला कलवायचा, म्हणजे पारा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला धावतो आणि नळी पेटते. त्याचा उजेड हिरवट निळा असे. त्या उजेडात माणसाचे ओठ काळे दिसत. पण पाणी शुद्ध करणारा उजेड तो नव्हताच. तो दिसत नसे. इंद्रधनुष्यात जांभळा रंग संपतो त्याच्या पलीकडचे हे किरण, असे दिव्याबरोबर आलेल्या पत्रकात लिहिले होते. ते पाण्यातल्या रोगजंतूंना मारतात. साध्या खिडकीच्या काचेतून ते जात नाहीत, म्हणून दिव्याकडे बघायचे ते काचेतूनच बघायचे. भावाने पहिल्याच दिवशी हे विसरून उघड्या डोळ्यांनी पाहिले. संध्याकाळपर्यंत त्याच्या डोळ्यांत वाळू गेल्यासारखे झाले, आणि दोन दिवस तो ओल्या फडक्याखाली पडून होता. मी त्याला ते पत्रक वाचून दाखवले आणि एका वहीत त्याचे मराठी करून ठेवले. सोळा पानांचे पत्रक होते. त्यातल्या अकराव्या पानाबद्दल मला पुढे बोलायचे आहे.

दिव्यासाठी हौद साहेबाने स्वतः आखला. सागवानी, आतून जस्ताचा पत्रा मारलेला, आठ हात लांब, दोन हात रुंद, वीतभर खोल. एका टोकाला मधोमध पाणी आत यायचा नळ, दुसऱ्या टोकाला बरोबर त्याच्या समोर पाणी बाहेर जायची तोटी, आणि मध्ये वर टांगलेला दिवा. गिरणीतल्या सुताराने तो केला. फारच देखणा झाला होता. आखणीचा कागद साहेबाने चौकट करून दवाखान्यात लावला, खाली आपली सही करून.

भावाचे काम असे: सकाळी करवती सुरू होण्याआधी दिवा कलवून पेटवायचा, तो तापून उजेड स्थिर व्हायची वाट बघायची, मग वाळूच्या पिंपातून गाळून आलेले पाणी हौदात सोडायचे. हौदाच्या तळाशी एक पांढरी बशी ठेवलेली असे. ती स्पष्ट दिसली तरच पाणी पुढे सोडायचे, नाहीतर पुन्हा वाळूतून गाळायचे. दिवा कधी लावला, पाणी कधी सोडले, बशी दिसली की नाही, हे तो रोज वहीत लिही. अक्षर चांगले नव्हते, पण एक दिवस सुटलेला नव्हता. दिवा चालू असला की हौदाच्या शेडमध्ये, वीज कोसळून गेल्यावर हवेला येतो तसा, एक तीव्र वास भरून राही. तो वास घेऊन तो घरी येई आणि मी त्याला आंघोळीला पाठवी.

चाळीतल्या बायकांनी त्या पाण्याला पहिल्याच आठवड्यात नाव ठेवले: दिवा दाखवलेले पाणी. देवाला दिवा दाखवतात तसा. घागर घेऊन आल्या की विचारत, "आज आरती झाली का पाण्याची? प्रसाद काय?" भाऊ हसे. पण निम्म्या घागरी अजून ओढ्यावर जातात हे त्याला दिसत होते. मग त्याने एक रीत पाडली. रोज तोटी उघडली की पहिला पेला तो स्वतः, सगळ्यांसमोर, उभ्याने प्यायचा. श्रावणापर्यंत सगळ्या घागरी तोटीवर यायला लागल्या. त्याला त्याचा केवढा अभिमान होता.

श्रावणात ताप आला. चाळीतली तीन माणसे गेली. चौथा तो. एकवीस दिवस मी त्याच्या उशाशी होते आणि त्या दिवसांबद्दल मी काही लिहिणार नाही. एवढेच सांगते की शेवटच्या आठवड्यात, शुद्धीवर होता तेव्हा, तो म्हणाला, "अक्का, मी दिवा एक दिवस चुकवला नाही. तू वही बघ." मी म्हटले, मला वही बघायची गरज नाही. त्यावर तो चिडला. "तू नाही. त्यांना दाखव."

म्हणजे त्याला कळले होते की काय होणार आहे.

साहेबाचा युक्तिवाद सरळ होता, आणि गिरणीचा बडा कारकून तो मला समजावून गेला. हा कारकून बेळगावकडचा, मनाने वाईट नव्हता. त्याने सांगितले की दिवा विलायतेत तपासलेला आहे. हौद साहेबांनी आखलेला आहे. दोन्हींत खोट नाही. मग उरला माणूस. मी भावाची वही पुढे केली. त्याने चार पाने उलटली आणि परत दिली. "ताई, वही त्यानंच लिहिली ना," तो हळू आवाजात म्हणाला. "आता झालं ते झालं. खानापूरला जा. इथं तुमचं कोण आहे?"

खानापूरहून चुलत्यांचेही पत्र आले होते. त्यात लिहिले होते की एकट्या विधवा बाईने रानात परक्यांत राहणे शोभत नाही, आणि येताना भावाचे कपडे घेऊन यावेत, पुस्तके मात्र कोणाला तरी देऊन टाकावीत. मी उत्तर पाठवले नाही.

सुतकात आमच्या खोलीवर कोणी येत नव्हते. तापाचीही भीती होती. पाणी आणून द्यायची ती एकच: बाजारकुणंग गावाच्या वाटेवर जी कुणब्यांची वाडी होती, तिथली एक म्हातारी. ती गिरणीवर कंद, केळी, अंडी विकायला येई. भाऊ तिच्या पायाच्या जखमेला मलम लावत असे, एवढीच ओळख. ती आपल्या झऱ्याचे पाणी कळशीतून आणे, पायरीवर ठेवी आणि तिथेच बसे. सांत्वन करणे तिला येत नव्हते. एकदा मी तिला दिव्याचे सगळे समजावून सांगितले. किरण, जंतू, गारगोटीची काच. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "बाय, दिवा लावून पानी सुद्द व्हत असतं तर आमी झऱ्यावर समई टांगली असती." मला राग आला. मी म्हटले, माझा भाऊ काही खुळा नव्हता. तिने डोके हलवले. "तो न्हाई गं. तो गुणाचा व्हता. मी दिव्याला बोलते."

मी रोज वही वाचत होते. दिवा लावला, पाणी सोडले, बशी दिसली. दिवा लावला, पाणी सोडले, बशी दिसली. मग मी पत्रक पुन्हा वाचायला घेतले, आणि अकराव्या पानावर थांबले. त्या पानावर एका हौदाचे चित्र होते. त्यात आडव्या पट्ट्या बसवलेल्या होत्या, एक या भिंतीला चिकटलेली, एक त्या भिंतीला. आमच्या हौदात पट्ट्या नव्हत्या. साहेबाने त्या गाळल्या होत्या, कारण हौद घासायला अडचण होते. हे त्याने भावाला माझ्यासमोर सांगितले होते. मी ते चित्र तेव्हाही पाहिले होते. त्या पट्ट्या हौदाला बळकटी यावी म्हणून असतील, असे मी धरून चालले. विचारले नाही. आखणारा साहेब होता, आणि मी कंपाउंडरची बहीण. पट्ट्यांचे काम खरे काय, ते चित्राखालच्या दोन ओळींत होते: पाण्याचा प्रत्येक भाग प्रकाशात सारखाच वेळ राहिला पाहिजे. मी त्या ओळींचे मराठीही केले होते. सुवाच्य अक्षरात.

चौदाव्या दिवशी मी शेडकडे निघाले. म्हातारी नेमकी पायरीवर होती. ती टोपली उचलून मागोमाग आली. दिव्यावर आता नवा माणूस होता, धारवाडकडचा, फार भित्रा. मी त्याला म्हटले, मला फक्त पाणी वाहताना बघायचे आहे. तो म्हणाला, "बाई, साहेबांना कळलं तर मी गेलो." मी म्हटले, साहेब विचारतील तर सांगा की ती बाई ऐकेना. हे उत्तर त्याला पटले.

दिवा पेटलेला होता. मी काच डोळ्यांपुढे धरून बराच वेळ बघत राहिले. पाणी आरशासारखे होते. नळ आणि तोटी समोरासमोर, मध्ये संथ हिरवे पाणी; त्यात काय चुकले असेल ते मला दिसेना. चित्रातल्या पट्ट्या नाहीत, हे माहीत होते. पण त्या नसल्याने काय बिघडते, हे मला कोणाला दाखवता आले नसते. मला तर ते पाणी थांबल्यासारखेच दिसत होते.

म्हातारीने दिव्याकडे पाहिलेच नाही. ती पाठ करून उभी राहिली आणि वाकून पाण्याकडे बघू लागली. मग म्हणाली, "हा कुणगा कुणी बांदला?"

कुणगा म्हणजे उतारावरचा भाताचा तुकडा, चारी बाजूंनी बांध घातलेला. मी म्हटले, साहेबाने.

"त्याच्या घरात शेती न्हाई व्हय?"

मी विचारले, का. तिने नळाकडे बोट केले, मग तोटीकडे. "पानी आत येतंय हितनं. बाहेर जातंय समोरनं. आमी कुणग्याला अशी समोरासमोर वाट कदी ठेवत न्हाई. वरनं ह्या कोपऱ्यात आलं तर खालची वाट त्या कोपऱ्यात फोडायची. मग पानी सगळ्या रोपांच्या पायांवरनं जातं. समोरासमोर ठेवलंस तर मदल्या चार ओळी पितात, कोपऱ्यातली रोपं उपाशी. पानी लई आळशी हाय, बाय. जवळची वाट गावली की लांबनं कशाला जाईल?"

मी म्हटले, पण हे तर थांबलेले दिसते.

"दिसतंय."

तिच्या टोपलीत अंडी भाताच्या फोलपटांत बसवलेली होती. तिने मूठभर फोलपटे घेतली आणि नळाच्या तोंडाशी सोडली. नवा माणूस घाबरून ओरडला, तशी ती म्हणाली, "गप रे, आमी शेतात असंच बघतो." फोलपटे मधोमध एका रेषेत निघाली आणि थेट तोटीवर गेली. मी मोजत होते. पंधरापर्यंतही पोचले नव्हते. मग तिने दुसरी मूठ कोपऱ्यात टाकली. ती फोलपटे तिथेच जागच्या जागी फिरत राहिली. मी शंभरापर्यंत मोजले आणि मोजणे सोडून दिले.

मी शेडच्या उंबऱ्यावर बसले. हौदातले कोपऱ्यांतले पाणी तासभर उजेडात पडून होते, नको तितके शुद्ध. आणि मधले पाणी, तोटीतून पहिले बाहेर येणारे, घागरीत पडणारे, दिव्याखालून नुसते पळून जात होते. पहिला पेला त्याच पाण्याचा. म्हातारी माझ्याजवळ येऊन बसली.

साहेबाची भेट मिळायला नऊ दिवस लागले. बड्या कारकुनाने दोनदा सांगितले की साहेब दौऱ्यावर आहेत, आणि दोन्ही वेळा साहेब बंगल्याच्या ओसरीत चहा घेताना मला दिसत होता. तिसऱ्या वेळी मी बंगल्याच्या पायरीशी जाऊन उभी राहिले. साहेब सभ्य होता. त्याने खुर्ची दिली, भावाबद्दल वाईट वाटल्याचे सांगितले. मी इंग्रजीत बोलले तेव्हा तो जरा दचकला. मी म्हटले, मला वाद घालायचा नाही. तुम्ही पाव तास शेडमध्ये या. त्याने नाही म्हटले असते, पण त्याची बायको आत होती आणि दाराशी येऊन ऐकत होती. ती म्हणाली, पाव तासाने काय होते.

फोलपटे वरच्या वर तरंगतात, तळचे पाणी कसे जाते ते त्यांनी कळत नाही, असे साहेब म्हणेल हे मला ठाऊक होते. म्हणून मी दवाखान्यातले लाल औषध मागितले, विहिरीत टाकतात ते, आणि ते एका बाटलीत गडद विरघळवून घेतले. शेडमध्ये साहेब, त्याची बायको, बडा कारकून, नवा माणूस, मी. म्हातारी बाहेर. मी बाटली नळाच्या तोंडाशी ओतली. लाल पाणी एका पट्ट्यासारखे मधून निघाले, पृष्ठभागापासून तळापर्यंत, बाजूंना जेमतेम पसरत, आणि तोटीतून लाल धार पडली. चारी कोपरे स्वच्छ. हौदात त्या वेळी एक लांबलचक लाल वाट उमटली होती. ती काही नाकारता येण्यासारखी नव्हती. साहेबाच्या बायकोने तोंडावर रुमाल धरला.

साहेबाने तोटी बंद केली. मग म्हणाला, "हौद बदलता येईल."

हौद बदलला. हे मात्र त्याने चार दिवसांत केले. सुताराला पत्रकातले अकरावे पान दाखवले, तरी पहिली पट्टी त्याने मधोमध भोक ठेवून बसवली, कारण ते डौलदार दिसते. म्हातारी तिथे उभी होती. तिने सुताराला सगळ्यांसमोर विचारले, "सासऱ्यानं तुला शेतात पान्याचा पाट धरायला कदी धाडलं न्हाई व्हय?" सुताराने पट्टी काढली. आता एक पट्टी डाव्या भिंतीला चिकटलेली, उजवीकडे वाट, पुढची उजवीला, डावीकडे वाट, अशा पाच. पाणी नागासारखे वळत जाऊ लागले आणि प्रत्येक वळणावर उलथेपालथे होऊ लागले. मी पुन्हा लाल औषध ओतले. तोटीला लाली येईपर्यंत मी किती मोजले ते आता आठवत नाही, पण नवा माणूस मध्ये तंबाखू मळून खाऊन आला.

एवढ्यावर सगळ्यांना वाटले की संपले. बड्या कारकुनाने माझे अभिनंदन केले. गाडीची वेळ सांगितली.

मी दवाखान्यात गेले. साहेब तिथे टेबलाशी बसून वहीत लिहीत होता. मी उलट बाजूने वाचले. भावावरची ती ओळ होती तशीच होती, आणि त्याच पानावर, तिच्याखाली, नवी ओळ: हौदात माझ्या सूचनेवरून सुधारणा केली, ती समाधानकारक आहे. म्हणजे पहिला हौद त्याच्या डोक्यातला, दुसराही त्याच्याच, आणि मधली माणसे मेली ती माझ्या भावामुळे.

"तुम्हाला आणखी काय पाहिजे?" त्याने विचारले.

"वरची ओळ खोडा."

"हौद दुरुस्त झाला. कामाचे ते झाले."

"हौद दुरुस्त केला म्हणजे हौद चुकला होता. मग ती ओळही चुकली."

त्याने सांगितले की वहीची नक्कल वर गेलेली आहे, आणि वहीत खाडाखोड करायची नसते. तो हे रागाने म्हणत नव्हता. दमल्यासारखा म्हणत होता. त्याला खरोखरच वाटत असावे की मेलेल्या माणसाला एका ओळीने काय फरक पडतो. मी विचारले, खाडाखोड करायची नसते, पण लिहायचे असते ना? तो म्हणाला, अर्थात, ती नोंदवहीच आहे. मग मी वही माझ्याकडे फिरवली आणि त्याच्या हाताजवळचा टाक उचलला.

बडा कारकून दारात होता. "ताई," एवढेच तो म्हणाला, आणि मग, याचे मला आजही नवल वाटते, त्याने दार ओढून घेतले आणि बाहेर उभा राहिला, कोणी आत येऊ नये म्हणून.

मी मराठीत लिहिले. सावकाश लिहिले, माझे लिहिणे सावकाशच असते. साहेब बघत राहिला. त्याने वही ओढून घेतली असती तर मी काय केले असते, हे मला ठाऊक नाही. पण बाईच्या हातातून वस्तू ओढणे त्याला जमले नसावे, आणि मी त्याचा पुरेपूर फायदा घेतला. लिहून झाल्यावर त्याने विचारले, हे काय आहे? मी त्याला इंग्रजीत वाचून दाखवले. दिवा सांभाळणाऱ्याने दिवा एक दिवसही चुकवला नाही, त्याची वही त्याच्या बहिणीकडे आहे आणि मागेल त्याला दाखवली जाईल. पाणी नळाकडून तोटीकडे सरळ पळत होते, हे साहेबांच्या डोळ्यांदेखत सिद्ध झाले आहे. पत्रकाच्या अकराव्या पानावर आडव्या पट्ट्या होत्या. त्या हौद आखणाऱ्याने गाळल्या. पाण्याची खरी वाट एका कुणबी बाईने दाखवली.

"झाले?" तो म्हणाला.

मी म्हटले, आणखी एक ओळ आहे. ती मी वाचून न दाखवता आधी लिहिली: ते पान बहिणीने वेळेत पाहिले होते आणि ती गप्प राहिली. मग वाचून दाखवली. साहेबाने माझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिले. ही ओळ मला लिहावीशी वाटत नव्हती, हे मी कबूल करते. पण दुसऱ्याकडून खरे मागायचे तर आपले झाकून चालणार नव्हते. खाली मी सही केली आणि सहीपुढे 'मयताची बहीण' असे लिहिले.

आठ दिवसांत खोली रिकामी करण्याचा हुकूम आला. मी खोली रिकामी केली, पण खानापूरला गेले नाही. म्हातारीच्या वाडीत तिच्या गोठ्याशेजारची एक जागा मी शेणाने सारवून घेतली आणि तिथे दोन वर्षे राहिले. पुस्तकांची पेटी आणताना तिच्या दोन सुनांनी मला बऱ्याच शिव्या दिल्या. रोज गिरणीवरून माझे जाणे-येणे होते. साहेब दिसला तर टोपी उचले, मी नमस्कार करी. पुढच्या पावसाळ्यात ताप आलाच. पण चाळीतून मयत निघाली नाही. ते हौदामुळे की नशिबाने, याची खात्री मला देता येणार नाही, आणि साहेबालाही देता येऊ नये.

पुढे कितीतरी वर्षांनी बडा कारकून मला कॅसलरॉक स्टेशनावर भेटला. नोकरीतून निवृत्त होऊन घरी निघाला होता. मी त्याला विचारले, ते पान फाडले असेल ना? तो म्हणाला, साहेबांनी एकदा वही मागवली होती, पानावर बोट ठेवून बराच वेळ बसले होते. सुधारणेची ओळ त्यांनी पुढे चार ठिकाणी कळवली होती, तिच्यावर त्यांना शाबासकीही मिळाली होती. "आणि ताई, ती त्याच पानावर. तुमचं फाडायचं तर ती पण फाटणार. मग वही परत कपाटात ठेवली."